काका, तो फॉरवर्ड आधी डिलीट करा

काल रात्री काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलं: 'इंग्लंडमध्ये बायकोचं लफडं कळून नवऱ्याने रागाच्या भरात तिला मारलं तर तो खून धरतच नाहीत. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं की सुटका. किरणजीत अहलुवालियाही अशीच निर्दोष सुटली.' खाली तीन अंगठे. त्याच ग्रुपवर माझी भाची आहे, लग्न होऊन लेस्टरला गेलेली. तिने विचारलं, 'मामा, हे खरंय?'

अजिबात नाही. २००९ च्या कॉरोनर्स अँड जस्टिस ॲक्टने 'प्रोव्होकेशन' (समोरच्याने डिवचलं म्हणून मारलं) हा जुना बचाव मोडीत काढला आणि ऑक्टोबर २०१० पासून 'लॉस ऑफ कंट्रोल' (स्वतःवरचा ताबा सुटला) हा नवा बचाव आणला. त्याचं कलम ५५ सांगतं की ताबा कशामुळे सुटला हे ठरवताना लैंगिक बेइमानी जमेस धरायची नाही. नाव घेऊन वगळलीय, काका! सूड उगवायचा म्हणून मारलं, तरी बचाव गेलाच. बरं, एवढं मान्य करतो: २०१० पूर्वी असले युक्तिवाद चालायचे. आणि २०१२ मध्ये क्लिंटन नावाच्या आरोपीच्या खटल्यात अपील कोर्ट म्हणालं की दुसरं ग्राह्य कारण असेल तर बेइमानीही संदर्भ म्हणून बघता येईल. नुसत्या लफड्यावर मात्र आजही भागत नाही.

शिवाय बचाव टिकला तरी माणूस घरी जात नाही. खुनाऐवजी मॅन्स्लॉटर, म्हणजे सदोष मनुष्यवध लागतो. खुनाला जन्मठेप सक्तीची. इथे शिक्षा न्यायाधीश ठरवतो, आणि तीही जन्मठेप असू शकते.

सर्टिफिकेटचं म्हणाल, तर मान्यताप्राप्त आजारामुळे सारासार विचार किंवा स्वतःवरचा ताबा बराच ढळला होता हे आरोपीलाच सिद्ध करावं लागतं. तिथेही निकाल मॅन्स्लॉटरचाच.

आता किरणजीत. तिने दहा वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला, १९८९ मध्ये झोपलेल्या नवऱ्यावर पेट्रोल टाकून पेटवलं. खुनाबद्दल जन्मठेप झाली. ताबा 'अचानक' सुटायला हवा, ही तेव्हाची अट. भांडण संध्याकाळचं आणि पेट्रोल रात्रीचं, म्हणून प्रोव्होकेशनचा मुद्दा अपिलातही टिकला नाही. १९९२ मध्ये नैराश्याच्या नव्या वैद्यकीय पुराव्यावर फेरखटल्याचा हुकूम झाला, तिथे मॅन्स्लॉटरची कबुली मान्य झाली आणि तीन वर्षं चार महिन्यांची शिक्षा लागली. तेवढी ती आधीच भोगून झाली होती. याला निर्दोष म्हणतात? ती 'अचानक'ची अट नव्या कायद्याने काढून टाकली. नवऱ्यांच्या सोयीसाठी नव्हे.

भाचीला कलम ५५ चा फोटो पाठवलाय. फॉरवर्ड अजून तिथेच आहे, चौथा अंगठा आलाय.