संकरित बियाणे वांझ नसते

‘संकरित बियाणे वांझ असते, ते राखून पेरले तर उगवत नाही, ते प्रयोगशाळेत जनुके बदलून बनवतात आणि त्याचे धान्य खाल्ल्याने माणसांतही वंध्यत्व येते’ असा मजकूर मोबाइलवर सतत पुढे पाठवला जातो. त्यातला एकही दावा टिकणारा नाही. संकरित बियाणे म्हणजे एका वाणाचे पराग दुसऱ्या वाणाच्या फुलांवर पाडून मिळवलेले बियाणे.

ज्वारीचा दाणा फलधारणेतूनच तयार होतो. १९६४ साली आलेली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी वांझ असती, तर तिच्या कणसात दाणेच भरले नसते. गैरसमजाचे मूळ बहुधा बीजोत्पादनात असावे. संकर करताना मादी वाणाचे फलन स्वतःच्याच परागांनी होऊन चालत नाही, पण ज्वारीच्या कणसातील शेकडो बारीक फुलांचे पुंकेसर, म्हणजे पराग तयार करणारे भाग, हाताने काढणे व्यवहार्य नसते. म्हणून मादी वाण असा निवडतात, की ज्याचे पराग निकामी असतात, आणि नर वाण असा, की ज्याचे जनुक सक्षम पराग तयार करण्याची क्षमता पुढच्या पिढीत परत आणते. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पडणारे बियाणे फलनक्षम असावे, याची तजवीज आधीच केलेली असते. त्याचे धान्य राखून पेरले तर उगवते. मात्र त्या पिढीत आईबापांचे गुण विखुरतात, ताटांची उंची कमी-जास्त होते, कणसे एका वेळी पक्व होत नाहीत आणि उत्पादन घटते.

खेचर वांझ असते हे खरे, कारण घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२ गुणसूत्रे मिळून त्याच्यात ६३ येतात आणि त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. संकरित ज्वारीचे आईबाप मात्र एकाच प्रजातीचे असतात.

जनुक बदलणे आणि संकर करणे या वेगळ्या क्रिया आहेत. आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस, म्हणजे जनुक बदललेला कापूस, संकरित वाणांतूनच आला, त्यामुळे दोन्ही एकच मानले गेले. पण संकरित कापूस १९७० पासूनच शेतात होता.

वंध्यत्वाची भीती तर सर्वांत निराधार आहे. आपण खातो ती बिनबियांची केळी स्वतः वांझ असतात आणि ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात आहेत. अन्नातील जनुके पोटात पचतात, खाणाऱ्याच्या बीजात उतरत नाहीत.

दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते, ही शेतकऱ्याची तक्रार मात्र रास्त आहे. सोयाबीन, हरभरा यांसारख्या पिकांत सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण घेऊन, उगवणक्षमता तपासून घरचेच बियाणे वापरता येते, आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला तो हक्क दिलेला आहे.