"मुलांना समुद्रात जाऊ दिलं नाही" या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचे दोन स्टार आणि त्याखालचा मजकूर घरात सगळ्यांनी वाचला. तक्रार थोडक्यात अशी: कॉलेजचे पाच मित्र दरवर्षी बायकामुलांसह समुद्रावर जातात, यंदा गुहागरला आमच्याकडे उतरले, आणि अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी मालकाने शिट्ट्या मारून मुलांना पाण्याबाहेर काढलं. शिवाय जेवणात मासे नाहीत, दुपारी एसी बंद, रात्री दहाला स्पीकर बंद. "पैसे भरून शाळेत आल्यासारखं वाटलं" हे वाक्य आमच्या सौ.ना फार आवडलं. दोनदा वाचून दाखवलं त्यांनी.

किरकोळ गोष्टी आधी. आमचं स्वयंपाकघर शाकाहारी आहे, हे बुकिंगच्या फोनवरच सांगितलं होतं. माशांसाठी खानावळीचा पत्ताही दिला होता. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, एसी चालत नाही. स्पीकरला रात्री दहानंतर कायद्यानेच बंदी आहे. पत्ते मात्र तुमचे रात्री उशिरापर्यंत रंगले होते, त्याला आम्ही कधी हरकत घेतली? वर दोनदा चहा झाला.

आता समुद्राचं. इथे लहानपणापासून एक हिशेब शिकवतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, मग पक्ष शुद्ध असो की वद्य. त्या दिवशी तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती पुरी झाली आणि पुढचे सहा तास ओहोटी. आमरसपुरी जेवून, वामकुक्षी काढून तुम्ही पाचच्या सुमारास किनाऱ्यावर गेलात, तेव्हा पाणी सगळ्यात जोरात मागे ओढत होतं. त्यातून अमावस्या नुकतीच झालेली, त्यामुळे उधाणाचा जोर ओसरला नव्हता. वरून काही कळत नाही. लाटा बेताच्याच दिसतात, मुलं खुशीत असतात. पण आमच्या वाडीसमोर किनारा उताराचा आहे. लाट परतताना टाचेखालची वाळू उपसून नेते, तिथे खळगा पडतो आणि गुडघाभर पाण्यातलं मूल पुढच्या लाटेला कमरेपर्यंत जातं. हिरव्या टोपीतली तुमची धाकटी दोनदा बसली ती याच कारणाने. ती हसत होती, म्हणून तुम्हाला खेळ वाटला.

आणखी एक सांगतो, राग मानू नका. पाच घरांची मिळून नऊ मुलं पाण्यात होती आणि दहाही मोठी माणसं सुरूच्या सावलीत गप्पांत. वर्षाने भेटलात, गप्पा होणारच. पण अशा वेळी प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष आहे. एकटं कुटुंब आलं तर आई नाहीतर बाप पाण्याच्या काठाशी उभा असतोच. मोठ्या ग्रुपमध्येच तिथे कुणी नसतं, हे आम्ही दर सुट्टीत बघतो. म्हणून शिट्टी. ती तुमच्यासाठी खास आणलेली नाही, पडवीत खुंटीला कायम टांगलेली असते.

"मालकाला मुलं आवडत नाहीत" हे मात्र पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, पाणी चढतं असताना, आमचा मुलगाच त्या नऊ जणांना घेऊन गेला होता आणि दीड तास कमरेएवढ्या पाण्यात त्यांच्या पुढे उभा होता. त्याचा अभिप्रायात उल्लेख नाही. असू दे.

एसी, जेवण, गाद्या, चेक-आउटची वेळ, सगळ्यावर बोलता येईल. ओहोटीला मुलं पाण्यात उतरणार नाहीत, यावर नाही. एखादा स्टार गेला तरी चालेल.

पुढच्या वर्षीचं ठरवताना कॅलेंडरवर तिथी बघा. सप्तमी ते दशमीच्या दिवसांत दुपारी चार ते पाच-सव्वापाच पाणी चढतं असतं आणि भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती असल्याने जोरही कमी. मुलांना संध्याकाळी डुंबायचंच असेल तर ते दिवस घ्या. मे महिन्याच्या खोल्या लवकर भरतात, तेव्हा फोन आधी करा. पाच खोल्या एका ओळीत हव्या असतील तर तेही तेव्हाच सांगा.