ठाण्यात ६३ अंश? एका फॉरवर्डचा हिशेब

गेले पंधरा दिवस आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या लोकांकडून आला, त्यातले दोघे शिकलेसवरलेले इंजिनियर. सुरुवात ‘ठाणे-नवी मुंबईकरांनो, वेळीच जागे व्हा’ अशी. म्हणणं थोडक्यात असं: ठाण्यात पारा ३५ आणि आर्द्रता ९० टक्के, म्हणजे अंगाला ६३ अंश लागतात. नागपूरचे ४३-४४ अंश कोरडे, ते जाणवतही नाहीत, घामच येत नाही. तिकडच्या रात्री गार. कूलरवर भागतं, एसीचं बिल वाचतं. दमा आणि सांधे आपोआप बरे होतात. आणि घाटावर जाणं जमत नसेल तर निदान खाडी सोडा, बदलापूर-कर्जतकडे डोंगराच्या पायथ्याशी घर घ्या, तिथली हवा कोरडी. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

एरवी असलं काही मी न वाचता पुसून टाकते. पण आमच्या मजल्यावरच्या काकांनी हा मेसेज छापून घेतलाय आणि त्याच्या जोरावर वर्तकनगरचा फ्लॅट विकून मुलाकडे नागपूरला कायमचं जायचा विचार चालवलाय. माझं माहेर नागपूरचं, महाल भागातलं. ठाण्यात येऊन एकोणीस वर्षं झाली. दोन्हीकडचे मे महिने अंगावर काढलेत, म्हणून काकांसाठी लिहायला बसले.

सगळ्यात आधी ते ६३ अंश. हा आकडा हवेतून आलेला नाही. तापमान आणि आर्द्रता घालून ‘अंगाला किती लागेल’ हे काढायचं एक अमेरिकी सूत्र आहे, उष्मा निर्देशांक म्हणतात त्याला. त्यात ३५ आणि ९० घातले की खरंच ६३-६४ येतात. गोची अशी की ठाण्यात हे दोन आकडे एका वेळी नसतात. ३५ हे दुपारी अडीच-तीनचं तापमान आणि ९० टक्के ही पहाटेची आर्द्रता. मेसेज लिहिणाऱ्याने हवामानाच्या ॲपवरचे दिवसातले दोन सर्वांत मोठे आकडे उचलले आणि त्यांचं लग्न लावून दिलं.

आर्द्रतेचा टक्का फसवा असतो तो असा. हवा तापली की तिची वाफ सामावून घ्यायची ताकद वाढते. वाफ तेवढीच राहिली तरी टक्का खाली येतो. त्यामुळे खरी वाफ मोजायची तर दवबिंदू बघावा, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार केली की तिच्यातलं पाणी दव होऊन बाहेर पडेल तो आकडा. मे महिन्यात आपल्याकडे तो साधारण २५ च्या आसपास असतो आणि दिवसभर फारसा हलत नाही. आता त्याच २५ च्या दवबिंदूला पहाटे २८ अंशांवर टक्का येतो ८४, आणि दुपारी ३४ अंशांवर येतो ६०. वाफ तीच. ३५ अंशांना खरोखर ९० टक्के आर्द्रता असायची तर दवबिंदू ३३ च्या वर जायला हवा. जगातला विक्रम मानतात तो ३५ चा, सौदी अरेबियात इराणच्या आखाताकाठच्या धाहरानचा, जुलै २००३ मधला. मेसेजप्रमाणे वर्तकनगर रोज दुपारी त्या विक्रमाच्या उंबऱ्यावर उभं असतं.

आता तेच सूत्र खऱ्या आकड्यांवर चालवू. ठाण्याची मे मधली नेहमीची दुपार: ३४ अंश, ६० टक्के. उत्तर येतं ४२. नागपूरची नेहमीची दुपार: ४३ अंश, १६ टक्के. उत्तर येतं ४२. मी तीनदा करून पाहिलं, कारण मलाच खरं वाटेना. दोन्ही शहरं एकाच आकड्यावर! हा आकडा सावलीतला, मंद वाऱ्यातला आहे. उन्हात उभं राहिलात तर आणखी सात-आठ अंश धरा.

म्हणजे दोन्हीकडे त्रास सारखाच, असं मात्र मी म्हणणार नाही. निर्देशांक सारखा असला तरी देहाची दुर्दशा वेगवेगळ्या वाटेने होते, आणि मेसेजचा दुसरा मुद्दा नेमका तिथे घसरतो.

‘कोरड्या हवेत घाम येत नाही.’ येतो हो, काका, भरपूर येतो. तो दिसायच्या आत उडून जातो, एवढंच. कातडीचं तापमान साधारण ३५ असतं. बाहेर ३४ असताना अंगातली थोडीफार उष्णता तरी हवेला देता येते. बाहेर ४३ असले की उलटा व्यवहार सुरू होतो, हवाच अंगात उष्णता ओतते, आणि बाहेर जायची एकच वाट उरते: घाम उडणं. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर तो ५८० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता घेऊन जातो, इतकी ती वाट जबरदस्त आहे. ठाण्यात ती अर्धी बंद असते. घाम मानेवरून ओघळतो, सदरा पाठीला चिकटतो, घामोळं येतं, माणूस वैतागतो आणि पाणी पितो. नागपुरात वाट सताड उघडी असते, त्यामुळे पाणी किती गेलं ते कळतच नाही. शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे दिसतात तेव्हा कळतं. माझ्या आजोबांच्या खिशात उन्हाळाभर कांदा असायचा. कांद्याने काय होतं ते सोडा, पण दुपटं डोक्याला गुंडाळल्याशिवाय आणि तांब्याभर पाणी प्यायल्याशिवाय त्यांनी बारानंतर उंबरा ओलांडला नाही. जो उन्हाळा ‘जाणवत नाही’ त्याला अख्खा विदर्भ इतका भितो कशाला?

आणि पंखा. ठाण्यात पंख्याने जीव वाचतो. पण हवाच चाळिशीच्या वर गेली की पंखा भट्टीसमोरच्या भात्यासारखा काम करतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही तोच आहे: ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका.

रात्रींचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. कोरड्या हवेतून जमिनीची उष्णता रात्री पटकन निसटते, दमट हवेतली वाफ ती अडवते. म्हणून ठाण्यात दिवस-रात्रीत जेमतेम सात-आठ अंशांचा फरक पडतो आणि नागपुरात पंधराचा. ऐकायला छान वाटतं. पण ४३ मधून १५ गेले की राहतात २८, आणि तेही पहाटे पाचला. ठाण्याची मे मधली पहाट २७ ची असते. नागपुरात रात्री दहाला भिंतीला हात लावला तर ऊब लागते, स्लॅब दिवसभराचं ऊन मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. लहानपणी आम्ही गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकायचो ते हौसेने नव्हे. हवा कोरडी असल्याने गच्चीवर झोप लागायची, हे कबूल. फ्लॅटच्या सातव्या मजल्यावर ती गच्ची कुठून आणणार?

गार रात्री हव्या असतील तर ‘आतला भाग’ असं सरसकट म्हणून चालत नाही. पुणे ५६० मीटरवर आहे, नाशिक त्याहून थोडं वर, नागपूर ३०० च्या आसपास. पुण्यात एप्रिलची दुपार ३८ ची असली तरी पहाटे विशी-बाविशीत उतरते. ती उंचीची आणि कोरडेपणाची मिळून कमाई आहे. मेसेजमध्ये मात्र कसारा आणि खंडाळा ओलांडला की सगळा महाराष्ट्र एकच.

कूलरबद्दल मेसेज बरोबर आहे. निदान मे महिन्यापुरता. नागपूरच्या ४३ अंश-१६ टक्के हवेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २३ दाखवेल; पाणी उडवून हवा त्याहून गार होत नाही. चांगला कूलर ४३ ते २३ या वाटेवरचं ऐंशी टक्के अंतर कापतो, म्हणजे वाळ्याच्या ताटीतून २७ ची झुळूक येते. ते सुख मी विसरलेले नाही. ठाण्यात तोच तापमापक साडेसत्तावीसवर थांबतो, कूलर ३४ ची हवा फार तर २९ करतो आणि खोलीची आर्द्रता ९० च्या घरात नेतो. भिंती ओल्या, गादी ओली. यासाठी यंत्रही लागत नाही, माठ पुरतो. नागपूरच्या माठातलं पाणी दाताला लागतं, ठाण्यातल्या माठातलं नळापेक्षा जरा बरं. आई इथे आली की पहिल्या दिवशी माठाला नावं ठेवते. माठ तोच असतो, तिनेच नागपूरहून आणलेला.

पण काका, नागपुरात जूनमध्ये पाऊस येतो. तोपर्यंत कोरडी असलेली हवा आठवड्याभरात भरून जाते. जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरचा दवबिंदू २४ च्या आसपास असतो, आपल्यापेक्षा अंशभर खाली. कूलर त्या दिवसांत दमट वाफा सोडतो, म्हणून घरोघरी तो बंद करून ठेवतात. पावसाने आठ दिवस दडी मारली की ऊनही आणि वाफही, आणि खारे वारेही नाहीत. माझ्या आठवणीतला सर्वांत वाईट नागपुरी उकाडा मेअखेरच्या नवतप्यातला नाही, पावसाने ओढ दिलेल्या ऑगस्टमधला आहे. वर्षातले तीन महिने तरी ‘दमट ठाणे, कोरडं नागपूर’ हा फरक जवळपास पुसला जातो, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. एसीचं बिल वाचेल का, ते घर पश्चिमेला आहे की नाही आणि कूलरच्या टाकीला दिवसातून दोनदा पाणी मिळतं की नाही, यावर ठरेल.

दमा आणि सांध्यांबद्दल मी बोलणार नाही, डॉक्टर बोलतील. एवढंच सांगते की दमट घरात बुरशी आणि धुळीतले किडे वाढतात हे खरं, आणि वैशाखातल्या वावटळीची धूळ छातीला मानवत नाही हेही खरं.

शेवटचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो परवडणारा आहे. नागपूरला सगळे जाऊ शकत नाहीत, पण ऐरोलीचा वन-बीएचके विकून बदलापूरला टू-बीएचके घेणं अनेकांना जमतं. तिथली हवा कोरडी? घाटाच्या अलीकडचं सगळं कोकणच आहे. समुद्रावरून येणारी वाफ सह्याद्रीपर्यंत सहज पोहोचते, दवबिंदू फारसा उतरत नाही. पोहोचत नाही तो गारवा. खारे वारे दुपारच्या सुमारास सुटतात, कुलाब्याला आधी लागतात आणि तापल्या जमिनीवरून, इमारतींमधून वाट काढत आत येईतो त्यांचा जोर आणि गारवा दोन्ही संपत आलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीकडचे पूर्वेचे वारे जोरात असले की त्यांना आणखी उशीर होतो आणि पारा भराभर चढतो. मुंबईत सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ नोंदले गेलेत, म्हणजे समुद्र असला की चाळिशी नाही ही समजूतही खोटी. आणि डोंगराच्या पायथ्याचं बघायचं तर रायगड जिल्ह्यातलं भिरा. मार्च २०१७ मध्ये तिथे ४६.५ अंश नोंदवले गेले. सह्याद्रीच्या कुशीत, ‘खाडीपासून लांब’. खारघर, पनवेल, उलवे त्याच जिल्ह्यात येतात. हिवाळ्यात बदलापूरच्या पहाटे ठाण्यापेक्षा छान असतात, हे मान्य. पण उन्हाळ्यासाठी जाणार असाल तर वाफ कोकणाची आणि ऊन देशावरचं, असं दोन्ही पदरात पडायची शक्यता जास्त.

म्हणूनच हवामान खातं उष्णतेची लाट जाहीर करताना वेगवेगळी मापं लावतं. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० आणि किनाऱ्यावर किमान ३७, शिवाय दोन्हीकडे सरासरीच्या साडेचार अंश तरी वर. किनाऱ्यावर ३७ पुरतात, कारण घाम उडत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला माणसं तासन्‌तास उन्हात बसली होती. पारा चाळिशीच्या आत होता. चौदा जण गेले. इथला उन्हाळा सौम्य आहे असं मी लिहिते आहे, असं कुणी वाचू नये म्हणून हे सांगितलं.

काकांना मी परवा कागदावर दोन रकाने काढून दिले: दुपारी तीनचं तापमान आणि दवबिंदू, पहाटे पाचचं तापमान आणि दवबिंदू. टक्क्यांना हातच लावायचा नाही. एक रकाना ठाण्याचा, एक मुलाच्या घराजवळचा, मे मध्ये आठ दिवस आणि ऑगस्टमध्ये आठ दिवस. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ वाचला आणि विचारलं, ‘ऑगस्टपर्यंत थांबायचं म्हणजे फ्लॅटचं गिऱ्हाईक थांबेल का?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘मे मध्ये जाताय ना, येताना एक माठ घेऊन या.’