रेकॉर्डिंग पुरावा ठरते, पण अटींवर

‘मोबाइलमधले रेकॉर्डिंग न्यायालयात चालतच नाही, ते खुशाल पुसून टाका’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे आणि त्यावर विसंबून कोणी खरोखरच रेकॉर्डिंग पुसले, तर झालेले नुकसान भरून येणार नाही.

जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा जुलै 2020 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ उपकरणच हजर केले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर रेकॉर्डिंग कोणत्या उपकरणावर आणि कसे तयार झाले हे सांगणारे वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. प्रत दिली, तर मात्र ते अनिवार्य आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमधील माहितीवरून संगणकाने काढलेला, बोटाच्या ठशासारखा ओळख-संकेतांक, नोंदवावे लागते. ध्वनिफितीतला एक सेकंद जरी कापला, तरी हे मूल्य पार बदलते. म्हणूनच मूळ फाइल आहे त्या फोनमध्येच, काटछाट न करता जपावी. अर्थात, आवाज कोणाचा हे प्रमाणपत्राने सिद्ध होत नाही.

खासगीपणाचा आक्षेपही निर्णायक नाही: जुलै 2025 मध्ये घटस्फोटाच्या एका प्रकरणात जोडीदाराच्या नकळत केलेले रेकॉर्डिंग सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य मानले. मात्र असे संभाषण गटागटांत पसरवण्याची मुभा त्यातून मुळीच मिळत नाही.