आधी लाळ मोजा : न्यू जर्सीच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

मान सुबक दिसावी म्हणून जबड्याखालची लाळग्रंथी छाटतात, त्यावर मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. तुम्ही त्यावर न्यू जर्सीहून सविस्तर आणि बऱ्याच रागाने लिहिलंत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. आठ महिन्यांपूर्वी तुमची नेक लिफ्ट, म्हणजे मानेची सैल कातडी घट्ट करण्याची शस्त्रक्रिया झाली, दोन्ही बाजूंच्या ग्रंथी लहान केल्या आणि तुमच्या तोंडाला आजवर कोरड पडलेली नाही. लाळग्रंथीत खडा झाला की ईएनटीचे डॉक्टर अख्खी ग्रंथी काढतात, तेव्हा कुणी ओरडत नाही. साठीच्या बाईने गळ्याचा विचार केला की लोकांना नटवेपणा दिसतो, आणि मीही त्यातलीच. शेवटी तुम्ही लिहिलंत की पुण्यात राहणारी तुमची धाकटी बहीण हीच शस्त्रक्रिया करून घेणार होती, माझा लेख वाचून तिची झोप उडाली.

आधी माझी चूक. लेखात मी किरणोपचार झालेल्या एका रुग्णाच्या तोंडाचं वर्णन केलं होतं. जीभ टाळूला चिकटते, पाण्याच्या घोटाशिवाय पोळीचा घास उतरत नाही, वर्षभरात हिरडीलगत एकेक दात किडत जातो. ते वर्णन खरं आहे, असे रुग्ण मी बघते. पण किरणोपचारांत सगळ्याच लाळग्रंथी होरपळू शकतात. तुमच्या शस्त्रक्रियेत दोन ग्रंथींचा खाली डोकावणारा भागच काढतात. ही शस्त्रक्रिया नेहमी करणारे सर्जन सांगतात की तोंड कायमचं कोरडं पडणं विरळा, आणि ते मी तिथे लिहायला हवं होतं. दोन वेगळ्या गोष्टी मी एकाच मापाने मोजल्या. लेखातला तो परिच्छेद आज काढला आहे.

नटवेपणाचं म्हणाल, तर तसं माझ्या मनातही नव्हतं. आरशात रोज दिसणारी गोष्ट खुपत असेल आणि ती सुधारता येत असेल, तर सुधारावी. त्यात कुणाची परवानगी कशाला?

आता खड्याचं. लाळेच्या खड्यांपैकी साधारण ८० टक्के याच ग्रंथीत होतात, आणि वारंवार सूज येत असेल तर ती काढतातही. पण तेव्हा एकाच बाजूची काढतात, तीही बहुतेकदा आधीच निकामी झालेली. नळी बांधून ग्रंथी पूर्ण बाहेर काढली की मागे लाळ तयार करणारं त्या ग्रंथीचं काही उरत नाही. तुमच्या शस्त्रक्रियेत धडधाकट ग्रंथी कापली, दोन्ही बाजूंची, आणि अर्धवट. उरलेला तुकडा लाळ बनवतच राहतो, आणि कापलेल्या पृष्ठभागावरून ती लाळ झिरपून कातडीखाली साठू शकते. त्याला सायलोमा म्हणतात. सुईने ती काढावी लागते, पट्टा घट्ट बांधावा लागतो, कधी बोटॉक्स टोचून ग्रंथी काही काळ गप्प करावी लागते. बहुधा काही आठवड्यांत आटोक्यात येतं, पण ते आठवडे सोसायचे रुग्णाला असतात. म्हणजे ‘अख्खी काढली तर चालते, मग थोडी कापली तर काय’ हा हिशेब सरळ लागत नाही.

शिवाय जागा अडचणीची. चेहऱ्याची मुख्य धमनी या ग्रंथीला चिकटून, कधी तिच्यातून जाते. तिथे शस्त्रक्रियेनंतर रक्त साठलं तर श्वासनलिकेवर दाब येऊ शकतो, म्हणून पहिली रात्र महत्त्वाची. कातडीखाली रक्त साठू नये म्हणून काही सर्जन ब्राझीलचे सर्जन आउअर्सवाल्ड यांनी रूढ केलेली टाक्यांची जाळी कातडीवरून घालतात. ग्रंथीवरून खालच्या ओठाची नस जाते. ती दुखावली तर हसताना ओठ वाकडा होतो. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो. ‘सौंदर्यासाठी ग्रंथी कापणे’ या विषयावर सर्जनांच्या मासिकात १९९१ मध्येच लेख आला होता. तेव्हापासून त्यांच्यातच दोन तट आहेत, तेव्हा हा माझा एकटीचा भित्रेपणा नव्हे.

मी दातांची डॉक्टर आहे, म्हणून ग्रंथीकडे खालून, गळ्याच्या बाजूने बघत नाही, तोंडातून बघते. तुम्हीही आत्ता बघा. आरशासमोर जीभ वर उचला. मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक उंचवटे दिसतील. टिपकागदाने ती जागा कोरडी करा आणि जबड्याखाली, हनुवटी आणि जबड्याचा कोपरा यांच्यामध्ये, बोटाने हलकं दाबा. उंचवट्यावर लाळेचा स्वच्छ थेंब उभा राहतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला सगळ्यांत जास्त कीटण का साठतं, असं पेशंट नेहमी विचारतात. तर ते याच दोन झऱ्यांमुळे. लाळेतला कॅल्शियम तिथे पहिल्यांदा पोचतो.

आपण चिंच चघळत असतो किंवा जेवत असतो, तेव्हा मोठा वाटा कानापुढच्या ग्रंथींचा असतो, गालगुंडात सुजतात त्या. पण आपण गप्प बसलेलो असतो, वाचत असतो, गाडी चालवत असतो, तेव्हा तोंड ओलं ठेवणाऱ्या लाळेतली साधारण ६० ते ६५ टक्के या जबड्याखालच्या, अक्रोडाएवढ्या दोन ग्रंथींची. दिवसाचा बहुतेक वेळ आपण जेवत नसतो, ताई. दात सांभाळते ती मुख्यतः ही न जाणवणारी लाळ. म्हणून ‘मला जेवताना काही त्रास नाही’ हे तुमचं वाक्य वाचून मला बरं वाटलं, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळालं नाही.

तुमची बहीण रक्तदाबासाठी ‘पाण्याची गोळी’ (लघवी वाढवणारी) घेते आणि ॲलर्जीची गोळी तर बारा महिने, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. माझी नजर तिथेच अडकली. या दोन्ही गोळ्या तोंड कोरडं करू शकतात. तुमच्याकडे शिल्लक होती, त्यातली थोडी गेली तरी भागलं. तिच्याकडे शिल्लक किती आहे ते अजून कुणी पाहिलेलंच नाही. मानेचे फोटो चारही बाजूंनी काढतात, चरबी चिमटीत धरून बघतात, पण ज्या ग्रंथीवर सुरी चालणार तिचं काम मोजत नाहीत, हे मला पटत नाही.

आणि मोजायला खर्च नाही. सकाळी नाश्त्याआधी, ब्रश केल्यावर तासभराने, शांत बसायचं. एकदा थुंकी गिळून टाकायची, मान थोडी पुढे झुकवायची आणि पाच मिनिटं काही न चघळता, न गिळता, तोंडात जमेल ती लाळ खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या टोपणात सोडायची. फेस बसला की आकडा वाचायचा. साधारण दीड-दोन मिलिलिटर आली तर ठीक. अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी आली तर ग्रंथी आधीच कमी पडते आहे. क्लिनिकमध्ये आम्ही हेच जरा काटेकोरपणे करतो.

आकडा कमी आला तर तिने ग्रंथीला हात लावू देऊ नये, हे मी आजही तितक्याच ठामपणे सांगेन. चांगला आला तरी सर्जनला विचारावं : फुगवटा नक्की ग्रंथीचाच आहे का? ती मानेच्या स्नायूखाली असते, लायपोसक्शनने, म्हणजे चरबी शोषून काढल्याने जात नाही, उलट वरची चरबी गेली की जास्त उठून दिसते. ग्रंथी तशीच ठेवून नुसता स्नायू घट्ट केला तर कितपत भागेल? थोडा फुगवटा राहील, तो तिला चालेल का? आणि फुगवटा एकाच बाजूला असेल, तर सौंदर्याचं सगळं बाजूला ठेवून आधी सोनोग्राफी करावी. तिथेच लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड) असतात आणि तंबाखू खाणाऱ्यांच्या आपल्या महाराष्ट्रात मी तिथल्या गाठीकडे कधीच सहज बघत नाही.

बहिणीला माझा निरोप द्या, झोप उडवल्याबद्दल मनापासून माफी मागते. तिचा आकडा कळवा. आणि ताई, तुमचाही मोजा. शस्त्रक्रियेआधीचा तुमच्याकडे नाही, पण आठ महिन्यांनंतरचा तरी लिहिलेला राहील.