मूल्यं रुजवावीत, पण बेतानं

जून उजाडला की आमच्याकडे दोन गोष्टी रुजत घालतात: शेतात भाताचा तरवा आणि शाळेत मूल्यं. तरवा आठवड्याभरात वर येतो. मूल्यांचं तसं होऊ नये म्हणून मात्र गावाला वर्षभर राबावं लागतं. देवगडकडच्या एका अकरा मुलांच्या पटाच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी तीन वर्षं काढली आहेत, तेव्हा या कामातला थोडाफार अनुभव गाठीला आहे. तुमच्याही शाळेत यंदा मूल्यं रुजवायचं घाटत असेल, तर चार गोष्टी सांगतो. फुकट सांगतोय, त्यामुळे ऐकल्या नाहीत तरी चालतील.

सुरुवात भिंतीपासून करा. मूल्य माणसात उतरायला पिढ्या लागतात, भिंतीवर ते दोन दिवसांत उतरतं. तालुक्याहून पेंटर आणा, गावच्या मुंबईकरांच्या मंडळाकडून पैसे आणा आणि संविधानाची उद्देशिका रंगवून घ्या. भिंत निवडताना मात्र घाई नको. आम्ही पश्चिमेची निवडली. तिच्यावर मिरगापासून पावसाची झड बसते आणि जांभ्याच्या चिऱ्यातली ओल खालून वर चढते. आषाढात शेवाळ तळाच्या ओळीला लागलं. तिथं ‘२६ नोव्हेंबर १९४९’ ही तारीख होती, ती गेली. श्रावणात बंधुता गेली. (पेंटरनं ती ‘बंधूता’ अशी लिहिली होती, त्यामुळे फार हळहळलो नाही.) चवथीला, म्हणजे गणपतीला, चाकरमानी आले तोवर समानता हिरवीगार झाली होती. न्याय अजून शाबूत आहे. तो इतका वर आहे की शेवाळसुद्धा त्याच्यापर्यंत पोचत नाही. देणगीदारांची नावं तेवढी पूर्वेच्या भिंतीवर, पडवीच्या आत आहेत. तीन पावसाळे झाले, त्यांतला एक काना हललेला नाही.

भिंतीनंतर तोंड. परिपाठात राष्ट्रगीत होतं, प्रतिज्ञा होती, सुविचार, दिनविशेष, बोधकथा होती. २६ जानेवारी २०२० पासून उद्देशिका आली, २०२३ पासून राज्यगीत आलं. येईल त्या सरकारला मुलांच्या तोंडात एकेक गोष्ट घालाविशी वाटते. (पोटात काय घालतात ते पुढे येईल.) हे सगळं वेळेत उरकायचं तर वेग हवा. आमच्या मुलांनी तो कमावलाय. ‘सार्वभौमसमाजवादीधर्मनिरपेक्षलोकशाहीगणराज्य’ हे ती एका दमात म्हणतात. कोकण रेल्वेवरची लांब पल्ल्याची गाडी लहान स्टेशनं जशी धाडधाड मागं टाकते, तशी. स्टेशनाचं नाव वाचायला गाडी थांबावी लागते, म्हणून ती थांबवू नका.

प्रतिज्ञेबद्दल एक माहिती देऊन ठेवतो, शिक्षकदिनाच्या भाषणाला उपयोगी पडेल. ती मूळ तेलुगूत आहे. १९६२ साली विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी असलेल्या पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती लिहिली. ट्रेझरीतून निघालेली आणि वाटेत कुठंही न अडकता शाळेपर्यंत पोचलेली ही बहुधा एकमेव गोष्ट.

ही माहिती मुलांना मात्र देऊ नका. लिहिणारा कोणी खराखुरा माणूस होता हे एकदा कळलं की त्याला काय म्हणायचं होतं, असा प्रश्न निघतो. आमच्याकडे तो न सांगताच निघाला. दुसरीतल्या एका पोरानं ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ म्हणून झाल्यावर हात वर केला. “बाई, सारे म्हणजे व्हाळापलीकडले पण?” व्हाळापलीकडं, म्हणजे ओढ्याच्या पल्याड, दुसरी वाडी आहे, तिथं दुसरी शाळा आहे, पट सात. पूर्वी पावसात व्हाळ ओलांडता येत नव्हता म्हणून दोन शाळा होत्या. मग साकव झाला. शाळा दोनच राहिल्या. बाईंनी त्याला सांगितलं, “खाली बस.” उत्तर लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी चालतं.

सगळ्यांत जपायचं ते व्याकरण. मार्चात त्याची परीक्षा होते, कारण २० मार्चला महाडबद्दल बोलावं लागतं. महाड आपलंच, कोकणातलं. बाबासाहेबांचं मूळगाव आंबडवेही आपलंच, मंडणगड तालुक्यातलं. त्यामुळे ‘ते तिकडे घाटावर झालं’ असंही म्हणता येत नाही. १९२७ साली चवदार तळ्यावर जे घडलं त्याआधीची हकीकत तर आपल्या भिंतीसारखीच आहे. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनंही १९२४ साली तळं खुलं असल्याचं कागदावर आणलं होतं. म्हणजे मूल्य रंगवून झालं होतं, फक्त पाणी प्यायचं राहिलं होतं. ते प्यायल्यावर काय झालं तेही प्रसिद्ध आहे: मारहाण झाली, आणि मग पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं.

बघा, ‘केलं गेलं’. मी आत्ता लिहिलं तसंच लिहायचं. कर्तरी प्रयोग चुकूनही करू नका. ‘पाणी भरू दिलं जात नव्हतं’, ‘वाळीत टाकलं जाई’, ‘सावली टाळली जाई’. असं बोललं की कर्ता माजघरात जाऊन बसतो आणि भाषण संपल्यावर चहाला बाहेर येतो. आमच्याकडे चौथीतली एक मुलगी भर कार्यक्रमात म्हणाली, “पण बाई, पिऊक कोणी दिल्यांनी नाय?” पाहुणे प्रसंगावधानी. म्हणाले, “त्या वेळच्या परिस्थितीनं.” परिस्थिती ही महाराष्ट्रातली सगळ्यांत जुनी फरारी आहे. तिच्यावर काय काय गुन्हे दाखल आहेत! एवढं झालं की भावे प्रयोगावर यायचं आणि भाषण संपवायचं: ‘सर्वांनी गुण्यागोविंदानं राहावं.’ यात क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही, कर्माचंही ऐकत नाही, आपलं ‘राहावं, राहावं’ करत एकटंच बसून असतं.

‘आता काय तसं राहिलं नाही’ हे सिद्ध करायला शाळेचा पाण्याचा फिल्टर दाखवा. एक नळ, सगळ्यांना मिळून. लांब दांड्याचं ओगराळं घेऊन वरून पाणी ओतायचे दिवस गेलेच. आता प्रत्येक आई पोराच्या दप्तरात घरची बाटली घालते आणि बजावते, दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावू नकोस, जंतू असतात. जंतू असतात हे मान्य. पण आमच्या गावचे जंतू फार जाणते. कबड्डीत एकमेकांच्या अंगावर पडलं तर ते लागत नाहीत, चुलतभावाच्या बाटलीत ते शिरत नाहीत, आणि कुणाच्या बाटलीत ते हमखास असणार हे आयांना मायक्रोस्कोपशिवाय कळतं. वैज्ञानिक दृष्टिकोन हे आपल्या मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांपैकी एक. तो असा घराघरांतून येतो, शाळेला फारसं काही करावं लागत नाही.

पोटाचं म्हणत होतो. २०२३ साली पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. ज्या गावात बांगड्याची पाटी दारावरून पुढे गेली तर घरात दिवसभर भांडण चालतं, त्या गावात शाळेच्या टोपात अंडं उकडल्यानं भावना दुखावल्या. केळ्याची सोय होती ना? होती. पण आपल्या पोरानं केळं खाऊन समाधान होत नाही, शेजारच्यानंही ते खावं लागतं. त्यालाच सहिष्णुता म्हणतात. पुढे २०२५ साली अंड्याचा वेगळा निधीच थांबला आणि गावात एकोपा नांदू लागला.

१ ऑगस्टला टिळक. रत्नागिरीत जन्मले, म्हणजे घरचेच. अकरापैकी नऊ मुलं शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतात. उरलेली दोन तीच गोष्ट विसरतात. या गोष्टीनं गावावर जेवढा परिणाम केला तेवढा उद्देशिकेनं केलेला नाही. ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही’ हे आमच्याकडे लहानथोर अक्षरशः जगतात. किनाऱ्यावर प्लास्टिक आहे? ते पर्यटकांचं. पर्यटक म्हणतात, हॉटेलवाल्यांचं. हॉटेलवाले म्हणतात, व्हाळातून येतं. व्हाळ खाडीला देतो, खाडी दर्याला, आणि दर्या उधाणाच्या भरतीला सगळं परत आणून पुळणीवर मांडून ठेवतो. तो एकटाच काय तो शेंगा न खाता टरफलं उचलणारा. शेंगा नेमक्या कोणी खाल्ल्या आणि टरफलं शेवटी कोणी गोळा केली, हे मात्र आजवर कुठल्याच वक्त्यानं सांगितलेलं नाही. आमच्या शाळेपुरतं मी सांगू शकतो. कार्यक्रम संपला की बाई म्हणतात, “चला, मुलींनो.” मग मुली झाडायला हिरांची वाडवण घेतात, आणि मुलगे सतरंजी गुंडाळायच्या निमित्तानं सतरंजीवर लोळतात. श्रमप्रतिष्ठा आणि स्त्री-पुरुष समानता, एका दमात दोन मूल्यं.

समितीचं थोडक्यात सांगतो. २००९ च्या कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या स्त्रिया. घाबरू नका. सभा लावणीच्या दिवसांत सकाळी अकराला ठेवायची. बायका चिखलात असतात, वही संध्याकाळी घरी पाठवायची, सह्या होतात. सभेत जे चौघे येतात त्यांना चवथीच्या गाऱ्हाण्याची सवय असतेच. अध्यक्ष ठराव वाचतात, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहिलं जातं.

आता खरी सावधगिरीची गोष्ट. बालमंत्रिमंडळ. हे दिसायला गोड असतं, फोटोत फार छान येतं, आणि म्हणूनच घोटाळा होतो. आम्ही मुलांचं रीतसर मतदान घेतलं, बोटाला शाई लावली, सगळ्यांना खाती दिली. स्वच्छता खातं तिसरीतल्या एका मुलीकडे गेलं. बाईंनी तिला दोनशे पानी वही दिली आणि म्हणाल्या, “कचरा टाकणाऱ्यांची नावं लिहायची हं.” बाईंना वर्गातली मुलं अभिप्रेत होती. तसं त्यांनी सांगायला हवं होतं.

१५ ऑगस्टला सहा खुर्च्या मांडल्या होत्या. पाच बिनहाताच्या, एक हाताची. हाताची पाहुण्यांना. मानकरी, मंडळाचे खजिनदार, माजी सदस्य अशा क्रमानं बाकीच्या भरल्या. खिचडी शिजवणाऱ्या काकी गडग्यापाशी उभ्या होत्या, कारण सातवी खुर्ची मागायची कुणाला सुचत नाही. झेंडा फडकला, मुलांनी उद्देशिका एका दमात म्हटली, पाहुण्यांनी स्वच्छतेवर पंचवीस मिनिटं घेतली. बसल्यावर त्यांनी खिशातून पुडी काढली, दातानं फाडली, तोंडात रिकामी केली आणि कागद पडवीखाली सोडला. ती मुलगी रांगेतून उठली. वही छातीशी धरून हाताच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. पेन्सिलचं टोक जिभेला लावलं.

“तुमचा नाव काय? माका लिवचा आसा.”

पाहुणे हसले. खजिनदार हसले. हसायची आज्ञा झाल्यासारखे आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. लिहायची वाट बघत राहिली. स्पीकरची खरखर तेवढी चालू होती. शेवटी काकी गडग्यापासून पुढे आल्या, कागद उचलला आणि तिला हाताला धरून बाजूला घेऊन गेल्या. जाताजाता तिनं वळून बाईंना विचारलं, “मग ‘पावणे’ लिवू?”

असं तुमच्याकडे होऊ द्यायचं नसेल, तर खातेवाटप करतानाच विचार करा. आम्हाला नंतर करावं लागलं. पुढच्याच आठवड्यात तिला सांस्कृतिक खातं मिळालं. स्नेहसंमेलनात कोळीगीतावर नाचली, उत्तम नाचली. वहीचं काय करायचं यावर समितीत चर्चा झाली. फाडावी तर दोनशे पानी वही, शाळेच्या पैशांची. ‘सदर वही सुरक्षित ठेवावी’ असा ठराव झाला, सर्वानुमते, आणि ती माझ्याकडे आली. मी ती माळ्यावर गणपतीच्या मखराखाली टाकली.

यंदा चवथीला मखर उतरवताना ती खाली पडली. उघडली ते चौथं पान. वळणदार अक्षर, समास सोडलेला, तारखा घातलेल्या. तिसऱ्या ओळीत माझं नाव, आडनावासकट. ‘व्हाळात पिशवी टाकली.’ दोन ओळी सोडून पुन्हा तेच नाव. ‘साकवावरून. परत.’

खालून बायको हाका मारत होती, गणपतीवरची माटवी बांधायची होती. वही परत वर ठेवली.