आईला आत्ताच सांगू नका?

बाळ नवजात अतिदक्षता विभागात गेलं की गोव्यात घरची वडीलधारी बजावतात, ‘ओल्या बाळंतिणीला काही सांगू नका, दूध आटेल.’ इथे ब्रिटनमध्ये बाळ दाखल झाल्यापासून २४ तासांत वरिष्ठ डॉक्टर पालकांशी बोलले का, याची देशभर नोंद ठेवली जाते. अर्थात इथेही कामाची पाळी बदलली की नवा डॉक्टर आणि नवी भाषा, हा घोळ आहेच.

दुधाचं तेवढं आधी. ताणाने दूध उशिरा उतरू शकतं, हे खरं. पण खरी अडचण वेगळी. पहिल्या काही तासांत पिळायला सुरुवात करून दिवसातून ८ ते १० वेळा काढलं नाही, तर ते वाढतच नाही. ‘बाळ बरं आहे, तू झोप’ असं ऐकलेली आई चीक काढायला उठेल कशाला?

सिझेरियन झालेली आई म्हापशात आणि बाळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात), असं झालं की सगळं एकट्या बापाच्या कानावर पडतं. तो इंग्रजी ऐकून मान हलवतो आणि फोनवर म्हणतो, ‘भुरगें बरें आसा’ (बाळ बरं आहे). त्यापेक्षा डॉक्टरांनीच व्हिडिओ कॉल लावून दोघांशी एकदम बोलावं. दुभाषी परिचारिका असावी, सासू नव्हे. नातेवाईक गाळून सांगतात.

‘आतापर्यंत तुम्हांला काय कळलंय?’ इथून सुरुवात करावी. मग एका वाक्यात स्थिती सांगून थांबावं, गप्प राहावं. ‘स्टेबल’ हा शब्द तर टाळावाच: डॉक्टरांच्या लेखी त्याचा अर्थ व्हेंटिलेटरवर बाळ आहे तसंच आहे, घरच्यांच्या लेखी धोका टळला. टक्केवारीपेक्षा ‘उद्या सकाळपर्यंत ऑक्सिजन कमी करता येतो का, ते बघू’ हे जास्त कळतं. श्वास, दूध आणि उद्यापर्यंत काय पाहायचं, अशा तीन ओळी कागदावर लिहून द्याव्यात, पुढच्या भेटीच्या वेळेसकट.

पालकांना बाहेर ठेवायला जंतुसंसर्गाची ढाल आता पुरत नाही. पालकांना हात धुवायला शिकवून बाळाच्या सेवेत घ्यावं, अशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शिका २०१७ पासून आहे.

बाळ वाचणार नसेल तर ‘देवाच्या हातात’ म्हणून सुटू नये. ‘बाळ मरण्याची शक्यता आहे’ असं सरळ सांगावं आणि आईची प्रकृती झेपत असेल तर तिला म्हापशाहून तेव्हाच आणावं. अंतर वीसेक किलोमीटरचं आहे.